बाईंचं घड्याळ

माझ्या आईच्या प्रामाणिकपणाची गोष्ट भिंगारमध्ये अजून सांगतात. चहाच्या टपरीवर सांगतात, शाळेच्या कार्यक्रमात सांगतात, आणि मी समोर असलो की मुद्दाम माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगतात, जणू त्या प्रामाणिकपणात माझाही वाटा आहे. वाटा आहेच. जे कापलं गेलं ते माझं होतं. इतकी वर्षं मी ऐकत आलो, मान हलवत आलो. आता पन्नाशी उलटली, जिना चढताना गुडघे कुरकुरतात, राग मात्र तेव्हा होता तेवढाच आहे. म्हणून ती गोष्ट एकदा मीच लिहून काढतो. ज्यांना ती गोड लागते त्यांनी हे प्रकरण खुशाल सोडून पुढं जावं.

आम्ही छावणीच्या कडेला, सिव्हिलियन नोकरांच्या क्वार्टरमध्ये राहायचो. अण्णा, म्हणजे माझे वडील, लष्कराच्या एका डेपोत स्टोअरकीपर होते. सकाळी सैनिकांच्या लाइनीतून बिगुल ऐकू यायचा आणि पाठोपाठ आमच्या घरात आईची शिट्टी. खरीखुरी शिट्टी, गळ्यात दोरीला अडकवलेली. आई भिंगारच्याच शाळेत पी.टी. शिकवायची. तिची उठवायची पद्धत अशी की दारात उभं राहून एकदा शिट्टी मारायची आणि निघून जायचं, दुसऱ्यांदा हाक नाही. स्वयंपाकघरात तोवर हुलग्याचं माडगं शिजत असायचं. मला त्याचा वास आवडायचा नाही, पण खेळणाऱ्या माणसानं सकाळी चहा-बिस्किट खायचं नाही हा तिचा कायदा होता. माडगं, मग बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दोन उकडलेली अंडी. अण्णा अंडी खात नसत, ते आपला चहा घेऊन बाहेर ओट्यावर बसत. गळ्यात शिट्टीच्या शेजारी तिचं स्टॉपवॉच लटकलेलं असे. कुकरच्या शिट्ट्यासुद्धा ती त्या घड्याळावर लावायची. जिल्ह्याच्या शालेय स्पर्धांना वेळ घ्यायला तिला बोलावत, कारण बाईंनी घेतलेली वेळ म्हटली की वाद संपला. तिला सगळे बाई म्हणत. शाळेच्या फाटकाच्या आत मलाही बाईच म्हणावं लागे. एकदा चौथीत असताना मैदानावर पडलो, गुडघा फुटला आणि तोंडातून 'आई' निघालं, तर तिनं आधी ते दुरुस्त करून घेतलं आणि मग रक्त पुसलं.

शिक्षकाच्या पोराचं एक वेगळं नशीब असतं. त्याला दोन मार्क कमी मिळतात. हे कुठं लिहिलेलं नाही, पण आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये ते सगळ्यांना मान्य होतं. गणिताचे सर स्वतःच्या मुलीला गणितात कमी द्यायचे, चित्रकलेच्या बाई भाच्याचं चित्र बोर्डावर लावायच्या नाहीत, आणि मधल्या सुट्टीत चहा पिताना एकमेकांचं कौतुक करायचे की बघा, घरच्या माणसालाही सोडलं नाही. आई या सगळ्यात वरचढ. शंभर मीटरला मी पहिला आलो तर ती म्हणायची सुरुवातीला तुझा पाय फक्कीच्या रेषेवर होता, आणि मला दुसरा करायची. मी शाळेत सहा वर्षं दुसरा आलो. तेव्हा मला याचा राग यायचा नाही. मला खरंच वाटायचं की माझा पाय रेषेवर पडतो. मी घरी अंगणात विटेच्या तुकड्यानं रेघ ओढून त्यामागे पाय ठेवायचा सराव करायचो. आज ते आठवलं की त्या अंगणातल्या माझ्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो.

कॉलेज अर्धवट सुटलं आणि मी पठाणकाकांच्या गॅरेजमध्ये जायला लागलो. पठाणकाका म्हणजे भिंगारच्या बाजारातले मेकॅनिक, स्वतः तरुणपणी रेसमध्ये मोटरसायकल चालवलेले, उजव्या हाताची दोन बोटं सरळ न होणारे. गावाबाहेर मुरमाच्या माळावर त्यांनी आणि आणखी पाचसहा वेड्यांनी एक ट्रॅक आखला होता. एक किलोमीटरला थोडा कमी, कडेला जुने टायर पुरलेले, मधे मातीची एक उसळी, आणि सगळ्यात अवघड जागा म्हणजे बाभळीचा कॉर्नर, जिथं वळणाच्या बाहेरच्या अंगाला बाभळीचं झाड होतं आणि चुकलात तर थेट काट्यात. रविवारी सकाळी प्रॅक्टिस. आधी टँकरनं पाणी मारायचं, धूळ बसवायची, मग गाड्या सुरू. टू-स्ट्रोक गाड्यांचा तो टरटरणारा आवाज आणि जळलेल्या ऑइलचा वास. शहाण्या माणसाला त्यात काय आवडावं सांगता येत नाही, मला दुसरं काही आवडत नव्हतं एवढं खरं. वेळ घ्यायला कोण, हा प्रश्न निघाला तेव्हा पठाणकाकाच म्हणाले की बाई असताना दुसरा कोण. आई आली, स्वतःच्या हातानं फक्कीची रेषा मारली, खुर्ची टाकून बसली आणि मांडीवर वही उघडली. पहिल्याच रविवारी तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं की इथंही बाई म्हणायचं.

ट्रॅकवर मला चांगला जोडीदार एकच होता, सोपान. जामखेडकडचा. आईबाप दर साल कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारे, हा नगरला मामाकडे राहून गवंडीकाम करायचा आणि मामाची गाडी रविवारपुरती मागून आणायचा. अंगानं काटक, बोलायला कमी, आणि गाडीवर बसला की त्याला भीती म्हणजे काय ते माहीत नसे. आम्ही एकमेकांचं बघून शिकलो. तो कॉर्नरमध्ये शिरताना बाहेरून लांबून घ्यायचा, ते मी उचललं. मी उसळीवर उभा राहून अ‍ॅक्सिलेटर तसाच ठेवायचो, ते त्यानं उचललं. भांडण कधीच नव्हतं. त्याचा डबा म्हणजे दोन ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा, तो माझी अंडी खायचा आणि मी त्याचा ठेचा.

मग ती बातमी आली. पुण्याची एक टीम होती, तिचे मालक पठाणकाकांच्या जुन्या ओळखीचे. आम्ही त्यांना नुसतं साहेब म्हणायचो. त्यांना पुढच्या सीझनसाठी एक नवा पोरगा हवा होता. गाडी त्यांची, मेकॅनिक त्यांचा, देशभरच्या रेस. ते म्हणाले, लागोपाठ तीन रविवार प्रॅक्टिस घ्या, प्रत्येक फेरीची वेळ लिहा, तिसऱ्या रविवारी मी येऊन वही बघतो. ज्याची एक फेरी सगळ्यात चांगली तो माझा. बारा जणांत खरी लढत सोपानची आणि माझीच, हे टँकरवाल्यालाही ठाऊक होतं.

त्या तीन आठवड्यांत मी जितका राबलो तितका पुढं कधी राबलो नाही. पहिल्या रविवारी माझी चांगली वेळ निघाली एकोणसाठ सेकंद आणि वर सहा. सोपानची अठ्ठावन्न आणि वर पाच. म्हणजे मला एका सेकंदाहून जास्त काढायचं होतं. आठवडाभर मी डोळे मिटून ट्रॅक फिरत होतो. जेवताना फिरत होतो, अंघोळ करताना फिरत होतो. मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चक्र, दोन दातांनी मोठं टाकलं, म्हणजे कॉर्नरमधून निघताना गाडी लवकर उचलेल. टायरमधली हवा थोडी कमी केली. बाभळीच्या कॉर्नरला मी फार आधी ब्रेक मारतो असं पठाणकाका म्हणाले, तर तिथं ब्रेकची खूण म्हणून एक दगड ठेवला आणि रोज संध्याकाळी कामावरून सुटल्यावर जाऊन तो दगड एकेक वीत पुढं सरकवत गेलो. वजन कमी व्हावं म्हणून भाकरी एकच खायला लागलो. आई ताटात दुसरी वाढायची, मी काढून ठेवायचो. ती काही बोलायची नाही. तिला सगळं दिसत होतं, हे मला इथं ठासून लिहायचं आहे.

दुसऱ्या रविवारची चौथी फेरी. ती मला अजून हाताला आठवते. पहिल्या कॉर्नरमधून निघालो तेव्हाच कळलं की आज गाडी आणि मी वेगळे नाही. उसळीवरून उतरताना मागचं चाक जिथं पडायला हवं तिथंच पडलं. बाभळीच्या कॉर्नरला ब्रेकला बोट लावलं नाही, नुसती गाडी आडवी घातली आणि ती घसरत घसरत बरोबर त्या टायराच्या कडेनं बाहेर आली. शेवटच्या लांब वळणात मला हसू येत होतं, हेल्मेटच्या आत मी मोठ्यानं हसत होतो. आयुष्यात फार थोड्या वेळा माणसाला आतून, कोणी न सांगता कळतं की हे बरोबर झालं. मी गाडी लावली, धावत खुर्चीपाशी गेलो आणि म्हणालो, बाई, किती? तिनं वहीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाली, "एकोणसाठ दोन."

मी तिथंच उभा राहिलो. तिनं पुढच्या पोरासाठी घड्याळ शून्यावर आणलं. मला तेव्हा वाटलं, आणि हेच मला सगळ्यात जास्त बोचतं, की माझं मनच खोटं बोलतं. जे मला वेगवान वाटतं ते वेगवान नसतं. घड्याळावर संशय घ्यायचं डोक्यातही आलं नाही. बाईंच्या घड्याळावर कोण संशय घेणार? गाडीत दोष असेल म्हणून मी पिस्टन काढून पाहिला, कार्ब्युरेटर धुतला, आणि शेवटी ठरवलं की दोष माझ्यात आहे. पुढच्या आठवड्यात मी जे जे सुधारलं होतं ते सगळं उलटं फिरवलं. बाभळीच्या कॉर्नरचा दगड मागे आणला. हसू आलं की अ‍ॅक्सिलेटर सोडायचा, असं स्वतःला बजावलं. तिसऱ्या रविवारी मी घाबरत, जपून, एखादा शिकाऊ चालवतो तशी गाडी चालवली आणि माझी वेळ निघाली एकोणसाठ चार. सोपाननं त्या दिवशी सत्तावन्न नऊ काढली. साहेबांनी वही चाळली, आईला नमस्कार केला, सोपानच्या पाठीवर थाप मारली. सोपान रडला. मी त्याला मिठी मारली. त्या मिठीत काही खोट नव्हती, मला वाटत होतं की जो चांगला तो गेला.

हल्ली प्रॅक्टिसला गाडीवर चिप लावतात. मागच्या वर्षी भाच्याबरोबर एका ट्रॅकवर गेलो होतो, पोरगा रेषेवरून गेला की वेळ थेट मोबाईलवर, तीही हजाराव्या भागापर्यंत. तिथं कोणाची आई नाही, कोणाचा मामा नाही. मी त्या चिपला हात लावून बघितलं. काडेपेटीएवढी असेल नसेल.

साहेब येऊन गेले त्याच्या पुढच्या रविवारी ट्रॅकवर आई नव्हती. निवडणूक जवळ आली होती आणि शिक्षक म्हटला की त्याला ट्रेनिंगला पकडून नेतातच. मी ट्रॅकवर गेलो ते सवयीनं. मन उडालं होतं, कशाचीच फिकीर नव्हती, म्हणून पुन्हा तशीच चालवली, जशी दुसऱ्या रविवारी चालवली होती तशी. वेळ घ्यायला पठाणकाका बसले होते. तिसऱ्या फेरीनंतर त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि घड्याळ झटकलं. म्हणाले, बिघडलंय वाटतं, पुन्हा मार एक. त्यांनी कोणाकडून तरी दुसरं घड्याळ घेतलं, दोन्ही हातांत दोन धरली. मी फेरी मारली. ते उठून माझ्याकडे चालत आले आणि दोन्ही घड्याळं माझ्यासमोर धरली. दोन्हींवर सत्तावन्न दोन. सोपानच्या निवडलेल्या फेरीपेक्षाही कमी. मी म्हटलं, काका, एका आठवड्यात दोन सेकंद कसे कमी होतील? काकांनी दोन्ही घड्याळं शून्यावर आणली. त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

"बेटा," ते म्हणाले, "हे मला नको विचारू. घरी जाऊन विचार."

आई पाचच्या सुमाराला ट्रेनिंगहून आली. पाय धुतले, चहा घेतला आणि मेथी निवडायला बसली. अण्णा बाहेर ओट्यावर. मी विचारलं. ती खोटं बोलली नाही. ती आयुष्यात कधी खोटं बोलली नाही असं सगळे म्हणतात, त्यात हेही धरावं. मेथीची पानं खुडत ती म्हणाली की हो, तुझ्या वेळेत मी सेकंद मिळवत होते. किती? कधी एक, कधी दोन, कधी जवळजवळ तीन. मग तिनं जे सांगितलं ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फेरी साधारण असली तर ती थोडं मिळवायची, फेरी फार चांगली असली तर जास्त. कारण फार चांगली वेळ लिहिली असती तर लोकांना संशय आला असता की आईनं मुलाला झुकतं माप दिलं. म्हणजे मी जितका पुढं जात होतो तितकी ती मला मागे ओढत होती. तीन आठवडे मी भाकरी टाकत होतो, दगड सरकवत होतो, आणि ही बाई समोर बसून ते सगळं बघत होती आणि शांतपणे वहीत दुसरंच लिहीत होती.

"बाकी अकरा जणांचं बरोबर लिहिलंस?"

"बरोबरच लिहिलं. दहाव्या भागापर्यंत."

"मी तुझा मुलगा नसतो तर?"

तिनं मेथीची जुडी खाली ठेवली. "तर तुझीच निवड झाली असती," ती म्हणाली.

अगदी सरळ म्हणाली. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी ओरडलो. त्या घरात पहिल्यांदाच इतक्या मोठ्यानं ओरडलो असेन, शेजारच्या क्वार्टरची खिडकी उघडली. मी म्हटलं की वेळ कमी लिहून मला पुढं काढणं जेवढं खोटं तेवढंच वाढवून मागे ढकलणं खोटं, तू चोरी केलीस, फक्त घरात केलीस म्हणून तिला कोणी चोरी म्हणत नाही. मी म्हटलं आत्ताच्या आत्ता साहेबांना पत्र लिही. तिनं मान हलवली. सोपानला बोलावणं गेलं आहे, त्याच्या आईबापांना कळवलं आहे, आता वहीत खाडाखोड केली तर माझ्या वहीला अर्थ काय राहिला, असं ती म्हणाली. आत्ता तरी काय अर्थ आहे, मी विचारलं. त्यावर ती उठून मेथी धुवायला गेली. अण्णा दारात येऊन उभे होते. ते हळूच म्हणाले की अरे, शाळेतही ती असंच करायची, मला वाटलं तुला माहीत आहे. म्हणजे तेव्हाच्या त्या सहा दुसऱ्या नंबरांचाही निकाल त्या संध्याकाळी लागला. सगळ्यांना वाटत होतं की मला माहीत आहे. एकट्या मलाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाजारातल्या एसटीडी बूथवरून मी स्वतः साहेबांना फोन लावला. म्हटलं माझी वेळ चुकीची लिहिली गेली आहे, खरी वेळ कमी आहे, पठाणकाकांना विचारा. साहेब चांगला माणूस होता, चिडला नाही. हसला. म्हणाला, "अरे, वेळ तुझ्या आईनंच लिहिली ना? आई म्हटल्यावर मी मनात आधीच एक सेकंद जास्त धरला होता. तिनं एकोणसाठ लिहिलंय, म्हणजे खरे साठ असणार." मी फोन ठेवला. ज्या संशयाच्या भीतीनं आईनं माझी वेळ वाढवली, तो संशय साहेबांनी घेतलाच होता, वही उघडायच्या आधीच. तिचा प्रामाणिकपणा त्यांच्या ध्यानीमनीही नव्हता. तिच्या बेरजेवर त्यांनी त्यांची बेरीज केली आणि दोन्ही माझ्या खात्यावर पडल्या.

सोपानला कोणीतरी सांगितलं असणार. पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी दुपारी तो गॅरेजवर आला. हातात पत्र्याची ट्रंक. ती खाली ठेवून माझ्या गाडीची चेन हातानं चाचपत राहिला. मग म्हणाला, "ही जागा तुझी हुती, मला कळलंय. तू न्हाई म्हन, मी जात न्हाई. आईची आन." मी म्हटलं जा. लोक हेही मोठेपणा म्हणून सांगतात. मी मोठेपणानं नाही, रागानं म्हटलं. त्याला थांबवून मिळालेल्या जागेवर आईनं मला उभ्या जन्मात बसू दिलं नसतं, हे मला कळत होतं. तो गेला. तीन सीझन गाडी चालवली, दोनदा देशात तिसरा आला, नंतर एका कंपनीत गाड्या तपासायच्या नोकरीला लागला. त्याचं चांगलं झालं. मला त्याचं वाईट कधी वाटलं नाही. मी ट्रॅक सोडला, नगरला स्पेअर पार्टचं दुकान टाकलं, आणि इतरांच्या गाड्यांना स्प्रॉकेट विकत बसलो. आईशी तीन महिने बोललो नाही. ती रोज सकाळी दारात येऊन शिट्टी मारायची आणि माडगं ठेवून जायची. भूक लागली की माणूस जेवतो. तसं बोलणं सुरू झालं. पण मी तिला पुन्हा कधी बाई म्हटलं नाही, आणि तिनं पुन्हा कधी माझ्यासाठी घड्याळ हातात घेतलं नाही.

यंदा शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी तिचा सत्कार ठेवला. आई आता ऐंशीच्या उंबऱ्यावर आहे, पाठ ताठ, डोळ्यांना कमी दिसतं. पाहुणा म्हणून सोपानला बोलावलं होतं. केस पांढरे झालेत, पण बोलणं तेच. त्यानं माईक हातात घेतला आणि ती गोष्ट सांगितली. "बाईंनी पोटच्या पोराला सोडलं न्हाई," तो म्हणाला, "म्हनून माझ्यासारखा कोयतेकऱ्याचा पोरगा विमानात बसला." बोलताना त्याचा आवाज फुटला. हॉल उठून उभा राहिला. आई खाली मान घालून बसली होती. मी पहिल्या रांगेत होतो आणि मीही टाळ्या वाजवल्या, कारण सगळे माझ्याकडे बघत होते.

परतीच्या वाटेवर गाडीत आम्ही दोघंच. शाल तिच्या मांडीवर, नारळ पायाशी. भिंगारच्या बाजारातल्या गर्दीत गाडी अडकली होती. तिनं विचारलं, अजून राग आहे का? मी म्हटलं आहे. ती म्हणाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या ना पण. मी म्हटलं, ती वेळ त्यांची नव्हती, माझी होती. तिनं शालीची घडी सारखी केली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला लोकांची भीती वाटायची रे. तुझी नाही वाटायची. तू घरचाच, तू कुठं जाणार होतास."

मी हॉर्न वाजवला. समोरचा टेम्पो हलेना. आणि मग, कोणी न विचारता, ती बोलली.

"छप्पन्न चार."

मी विचारलं, काय छप्पन्न चार?

"दुसऱ्या रविवारची चौथी फेरी. तू हसत आला होतास. छप्पन्न चार होती ती. तेवढी वेळ त्या ट्रॅकवर कोणी काढली नाही. वहीत नाही लिहिली. पण रोज आठवते मला."

मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या होत्या. टेम्पो केव्हाच पुढं गेला होता. माझे हात स्टिअरिंगवर तसेच होते. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली फेरी मला बरोबर कळली होती, त्याच क्षणी कळली होती, आणि ही बाई एवढी वर्षं रोज मनात ती घोळवत बसली, रोज तिचा अभिमान बाळगत बसली, माझ्यासाठी एक भाकरी जास्त करत बसली, आणि तो आकडा एकदाही मला दिला नाही. मी तिच्याकडे बघितलं. ती रडत होती. मी रडलो नाही. मी म्हटलं, हे तू त्या दिवशी खुर्चीवर बसून सांगायचं होतंस, आई, आणि गिअर टाकला.